बोट बुडाली, पुस्तकं गेली, तरी…

समजा, परवा सबमिशन आहे आणि आज तुमचा लॅपटॉप चालूच होत नाहीये. बॅकअप घेतलेला नाही. पेन ड्राइव्हमध्ये आहे ती फाइल दोन महिन्यांपूर्वीची. पोटात जो गोळा येतो, तो आपल्यापैकी बऱ्याच जणांनी अनुभवलाय. आता याहून मोठं समजा. गेली ती फाइल नाही, तर परदेशात पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तकं आहेत. क्लाउड नाही, झेरॉक्स नाही. आणि ती ज्या बोटीत भरली होती, ती बोटच एका पाणबुडीने टॉर्पेडो मारून समुद्राच्या तळाला पाठवली.

हे खरंच घडलंय, १९१७ मध्ये. ज्याचं सामान बुडालं तो विद्यार्थी २६ वर्षांचा होता. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर या तारखा आपल्याला पाठ आहेत. महाडचं तळं, पुणे करार, नागपूरची दीक्षाभूमी हे सगळं शाळेपासून वाचत आलोय. पण पहिल्या महायुद्धातल्या पाणबुड्यांशी त्यांच्या आयुष्याची गाठ पडली होती, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? आणि ही गोष्ट सुरू होते ती थेट आपल्या जिल्ह्यातून.

आंबडवे, वणंद आणि दाभोळ

मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे बाबासाहेबांचं मूळ गाव. घराणं सकपाळांचं. आजोबा मालोजी सैन्यात होते, वडील रामजीही सैन्यात. रामजी सुभेदार पदापर्यंत पोचले आणि लष्करी शाळेत शिक्षक झाले. महू इथल्या छावणीत १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. ते आईवडिलांचं चौदावं अपत्य. रामजी निवृत्त झाल्यावर हे कुटुंब काही काळ दापोलीत राहिलं. 'कॅम्प दापोली' हे नाव आपण आजही ऐकतो ना, ते त्या लष्करी दिवसांचंच. पुढे कुटुंब साताऱ्याला गेलं. तिथे आई भीमाबाई वारल्या. मग मुंबई.

रमाबाईही आपल्याच जिल्ह्यातल्या. दापोली तालुक्यातलं वणंद हे त्यांचं माहेर. त्यांचे वडील दाभोळ बंदरात माशांच्या टोपल्या वाहायचं काम करत. लहानपणीच आईवडील गेले आणि नातेवाइकांनी त्यांना मुंबईला नेलं. भीमराव आणि रमाबाईंचं लग्न भायखळ्याच्या बाजारात, दिवसभराचा व्यवहार आटोपल्यानंतर रात्री लागलं. दोघंही तेव्हा लहान होते.

भीमराव १९०७ मध्ये मॅट्रिक झाले आणि १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील गेले. त्याच वर्षी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी त्यांना अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. अट अशी, की परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. ही अट लक्षात ठेवा, पुढे ती महत्त्वाची आहे.

जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोचले आणि कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१५ मध्ये एम. ए. झाले. अभ्यासाचं वेड इतकं की लायब्ररी उघडताना आत आणि बंद होताना बाहेर. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे आणि उरलेल्यात भागवायचं. त्यातूनही न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी जवळपास २,००० पुस्तकं जमवली. आपण सेकंडहँड पुस्तकांच्या ढिगात एखादं पुस्तक सापडलं की खूश होतो. इथे एक मुलगा जेवणाचे पैसे वाचवून ढीगच्या ढीग घेत होता.

जून १९१६ मध्ये ते लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरी, असे दोन अभ्यास एकाच वेळी सुरू केले. युरोपात तेव्हा पहिलं महायुद्ध पेटलेलं होतं. लंडनवर आधी झेपेलिन आणि मग विमानांतून बॉम्ब पडत होते. १३ जून १९१७ च्या दिवसाढवळ्या झालेल्या हल्ल्यात लंडनमध्ये १६२ माणसं मेली. अशा शहरात आपले बाबासाहेब लायब्ररीत बसून रुपयाच्या किमतीचा अभ्यास करत होते.

आणि तेवढ्यात बडोद्याहून निरोप आला. शिष्यवृत्तीची मुदत संपली, परत या. प्रबंध अर्धा, बॅरिस्टरी अर्धी. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्या मदतीने त्यांनी विद्यापीठाकडून एक परवानगी मिळवली. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत आलात तर अभ्यास जिथे सोडला तिथून पुढे सुरू करता येईल. म्हणजे घड्याळ लागलं.

आता प्रश्न होता घरी पोचायचा. आणि १९१७ च्या उन्हाळ्यात समुद्रावरून प्रवास करणं म्हणजे काय होतं, हे समजायचं तर आधी पाण्याखाली जावं लागेल.

लोखंडी नळीतली माणसं

पाणबुडी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आजची अणुपाणबुडी येते, महिनोन्‌महिने पाण्याखाली राहणारी. १९१७ ची पाणबुडी तशी नव्हती. खरं तर ती पाण्याखाली जाऊ शकणारी एक छोटी बोट होती. बहुतेक वेळ ती पाण्यावरच असायची, डिझेल इंजिनावर चालायची. धोका दिसला किंवा शिकार दिसली की बुडी मारायची. पाण्याखाली इंजिनाला हवा मिळत नाही, म्हणून तिथे बॅटरीवर चालायचं. जोरात पळवली तर बॅटरी तासाभरात संपायची, हळू चालवली तर जास्त टिकायची. पण कधी ना कधी वर येऊन बॅटरी चार्ज करावीच लागायची. मोबाइलचं आपलं जे होतं तेच, फक्त इथे चार्जिंगसाठी वर आलं आणि शत्रूने पाहिलं तर खेळ खलास.

आत तीसेक माणसं. ब्रिटिश आरमाराच्या 'ई' वर्गातल्या पाणबुड्यांवर साधारण एवढेच खलाशी असत. झोपायला प्रत्येकाला स्वतंत्र जागा नाही. एक पहाऱ्यावर गेला की त्याच्या ऊबदार अंथरुणात दुसरा आडवा व्हायचा. अंघोळ विसरा. कपडे ओले, भिंतींवरून पाणी ठिबकतंय, डिझेलचा वास डोक्यात गेलेला. तास जातील तशी हवा जड होत जायची, डोकं ठणकायला लागायचं. बॅटरीच्या ॲसिडमध्ये समुद्राचं पाणी शिरलं तर क्लोरीन वायू तयार व्हायचा, तो विषारी. त्याआधीच्या पेट्रोल इंजिनाच्या ब्रिटिश पाणबुड्यांवर तर पांढरे उंदीर पाळलेले असत. पेट्रोलच्या वाफांनी उंदीर बेशुद्ध पडले, की माणसांनी सावध व्हायचं.

एवढं असून ब्रिटिश आरमारातले लोक पाणबुडीवर स्वतःहून नाव देऊन जात, जास्तीचा भत्ताही मिळे. पण आरमारातल्याच जुन्या मंडळींना हे हत्यार पसंत नव्हतं. पाण्याखाली लपून मारणं म्हणजे चोरटेपणा, असं त्यांना वाटे. युद्ध सुरू झाल्यावर मत बदललं. डिसेंबर १९१४ मध्ये नॉर्मन हॉलब्रुक नावाच्या तरुण अधिकाऱ्याने 'बी-११' ही जुनाट पाणबुडी दार्दनेल्सच्या सामुद्रधुनीत पाण्यातल्या सुरुंगांच्या पाच ओळींखालून नेली आणि एक तुर्की युद्धनौका बुडवली. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ब्रिटिश पाणबुडीवरचा तो पहिला. पुढच्याच वर्षी मार्टिन नेस्मिथची 'ई-११' त्याच वाटेने आत शिरली आणि थेट इस्तंबूलच्या बंदरापर्यंत पोचली.

पण या हत्याराने ब्रिटनची सगळ्यात मोठी अडचणही केली. ब्रिटन म्हणजे बेट. गहू, साखर, कापूस, तेल, सगळं बोटींनी येणार. ब्रिटिश आरमाराने जर्मनीची समुद्राकडून नाकेबंदी केली होती आणि तिथे लोक अर्धपोटी होते. जर्मनीने उलट डाव टाकला, ब्रिटनकडे जाणारी बोटच पाण्याखालून उडवायची. जुना नियम असा होता, की व्यापारी बोट आधी थांबवायची, त्यावरच्या माणसांना होड्यांत उतरू द्यायचं आणि मग बोट बुडवायची. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने हा नियम गुंडाळून ठेवला. युद्धक्षेत्रात दिसेल ती बोट, न सांगता, टॉर्पेडो.

परिणाम भयानक झाला. एकट्या एप्रिल १९१७ मध्ये मित्रराष्ट्रांच्या आणि तटस्थ देशांच्या मिळून साडेआठ लाख टनांहून जास्त बोटी बुडाल्या. त्या महिन्यात ब्रिटनमधून लांबच्या सफरीला निघालेल्या दर चार बोटींमधली एक परत आली नाही, असा हिशेब सांगतात. तळातली पाणबुडी शोधायची साधनं तेव्हा अगदीच कच्ची होती. एक उपाय होता पाणबुडीवर पाणबुडी सोडायचा. १ मे १९१७ रोजी ब्रिटनच्या 'ई-५४' ने आयर्लंडच्या पश्चिमेला जर्मनांची 'यू-८१' अशीच गाठून बुडवली. पण खरा फरक पडला तो बोटींचे ताफे करून, भोवती युद्धनौकांचा पहारा ठेवून प्रवास सुरू झाल्यावर. तो मे-जूनपासून हळूहळू सुरू झाला. बाबासाहेब निघाले तेव्हा ही व्यवस्था नुकती कुठे बसत होती.

सहाशे रुपये

लंडनहून ते रेल्वेने फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात गेले आणि तिथून 'कैसर-ए-हिंद' या बोटीत चढले. पुस्तकं आणि जड सामान त्यांनी थॉमस कुक कंपनीमार्फत वेगळ्या बोटीने पाठवलं होतं. एका माणसाबरोबर एवढ्या पेट्या कोण चढवू देणार?

याच दिवसांत मुंबईत बातमी थडकली, की इंग्लंडहून येणारी एक बोट पाणबुडीने बुडवली. घरच्यांच्या काळजाचं पाणी झालं. तेव्हा ना फोन, ना लाइव्ह लोकेशन. कोण कुठल्या बोटीवर आहे हे कळायचं तर कंपनीच्या कचेरीत चकरा मारायच्या. शेवटी चौकशी करता उलगडा झाला. बुडाली ती भीमरावांची बोट नव्हती. बुडाली ती त्यांचं सामान घेऊन येणारी.

२१ ऑगस्ट १९१७ रोजी ते मुंबईत उतरले. जीव वाचला होता. पुस्तकं गेली होती. थॉमस कुककडून सामानाची भरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले.

इथे एक मिनिट थांबून दुसऱ्या कोणाचा तरी विचार करायला हवा. बोट बुडते तेव्हा फक्त सामान बुडत नाही. त्या काळात मुंबई-इंग्लंड मार्गावरच्या मोठ्या इंग्रज कंपन्यांच्या बोटींवर डेकची कामं करणाऱ्यांत कोकणातले, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातले खलाशी मोठ्या संख्येने असत. जेवणघरात आणि केबिनमध्ये गोव्याची माणसं. सारंग, टंडेल, खलाशी ही उतरंड आपल्या किनाऱ्यावर घराघरात माहीत होती. पगार गोऱ्या खलाशांच्या तुलनेत फारच कमी. त्यांच्या अंगावर कुठल्या सैन्याचा गणवेश नव्हता, हातात बंदूक नव्हती. पण टॉर्पेडो अंगावर यायचा तो त्यांच्याच. अशा खलाशांपैकी ज्यांना समुद्राशिवाय दुसरी कबर मिळाली नाही, त्यांचं स्मारक मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून जास्त नावांचं.

आणि टॉर्पेडो सोडणाऱ्या नळीत बसलेल्यांचं काय? त्या युद्धात जर्मनीचे पाच हजारांच्या आसपास पाणबुडी सैनिक मेले. त्यातले कित्येक तुमच्या-माझ्या वयाचे होते.

बडोद्याचे अकरा दिवस

आता ती दहा वर्षांच्या नोकरीची अट आठवा. बडोद्याला हजर व्हायचं होतं, पण तिकिटाला पैसे नव्हते. मग भरपाईचे ते सहाशे रुपये उपयोगी आले. म्हणजे बुडालेल्या पुस्तकांच्या पैशांवर बाबासाहेब सप्टेंबर १९१७ मध्ये बडोद्याला गेले.

कोलंबियाचा एम. ए., लंडनमध्ये शिकलेला, राजाने स्वतः निवडलेला अधिकारी. पण स्टेशनवर घ्यायला कोणी नाही आणि राहायला खोली नाही. महार माणसाला जागा देणार कोण? शेवटी ते एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, दिवसाला दीड रुपया भाडं देऊन. वरच्या मजल्यावर अडगळीचं सामान, मिणमिणता दिवा आणि एकटा माणूस. कचेरीत शिपाई फायली हातात देत नसत, लांबून टेबलावर टाकत.

अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर लोक जिन्यावर चढून आले. धर्मशाळा बाटवली म्हणून त्यांनी बाबासाहेबांना धमकावलं आणि संध्याकाळपर्यंत चालतं व्हायला सांगितलं. शहरात दोन मित्र होते, एक हिंदू, एक ख्रिश्चन. दोघांनाही त्यांना घरात घेणं जमलं नाही. कामाठी बागेत एका झाडाखाली ते बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. बऱ्याच वर्षांनी या दिवसाबद्दल लिहितानाही त्यांच्या डोळ्यांत पाणी येत होतं, असं त्यांनीच नोंदवलंय.

मला ही दोन संकटं शेजारी शेजारी ठेवून बघावीशी वाटतात. जर्मन पाणबुडीला बोटीत कोणाची पुस्तकं आहेत हे माहीत नव्हतं. तिच्यासाठी ती एक बोट होती, बस्स. बडोद्याच्या जिन्यावर काठ्या घेऊन आलेल्यांना मात्र समोर कोण आहे हे नीट माहीत होतं, आणि म्हणूनच ते आले होते. पाणबुडीने जे नेलं त्याची सहाशे रुपये का होईना, भरपाई झाली. या दुसऱ्या नुकसानीचा विमा कुठल्याच कंपनीकडे नव्हता.

पुन्हा पहिल्यापासून

पुढची तीन वर्षं म्हणजे नुसती धडपड. शिकवण्या घेतल्या, सल्लागाराचं काम करून पाहिलं. गिऱ्हाइकांना जात कळली की काम बंद. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी मिळाली, पगार ४५० रुपये. तिथेही काही सहकाऱ्यांना त्यांनी स्टाफरूममधल्या माठातलं पाणी पिणं खटकलं. पण मुलांना मात्र त्यांचं शिकवणं इतकं आवडायचं की दुसऱ्या कॉलेजांतले विद्यार्थीही येऊन बसत.

या सगळ्यात लंडनचं घड्याळ चालूच होतं. चार वर्षं संपत आली होती. घरी रमाबाई काटकसरीने संसार ओढत होत्या आणि बाबासाहेब पगारातून पैसे बाजूला टाकत होते. कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांनी मदत केली. न्यूयॉर्कपासूनचे मित्र नवल भथेना यांनी पाच हजार रुपये उसने दिले. भथेना पारशीच होते बरं का. धर्मशाळेतून हाकलणारेही पारशी आणि पैसे उसने देणाराही पारशी. माणसं एका रंगात रंगवून मोकळं होता येत नाही, ते असं.

जुलै १९२० मध्ये ते पुन्हा बोटीत बसले. मुदत संपायला वर्ष-सव्वा वर्ष होतं. वय २९, घरी बायको आणि मुलगा, डोक्यावर कर्ज. तुमच्यापैकी जे ड्रॉप घेऊन पुन्हा परीक्षेला बसतायत, किंवा नोकरी करून डिग्री पूर्ण करतायत, त्यांना हे वय आणि ही परिस्थिती लगेच कळेल.

या खेपेचं लंडन आधीपेक्षाही कडक होतं. सकाळी ब्रिटिश म्युझियमची लायब्ररी उघडायच्या वेळी दारात हजर. दुपारचं जेवण बहुतेक वेळा नाहीच. संध्याकाळी बाहेर पडून दुसरीकडे वाचन आणि रात्री खोलीवर पुन्हा वाचन. भूक लागली की कोणा ओळखीच्याने दिलेले पापड भाजायचे. १९२१ मध्ये एम. एस्सी. झाले. १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. आणि ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा मोठा प्रबंध डी. एस्सी. साठी सादर केला.

तो अडकला. इंग्रज राजवटीच्या चलनधोरणावरची टीका परीक्षकांना जहाल वाटली आणि दुरुस्त्या सुचवल्या गेल्या. पैसे संपले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहून काढला आणि लंडनला पाठवला. निष्कर्ष मात्र बदलले नाहीत. या वेळी बोट सुखरूप पोचली. १९२३ च्या अखेरीस डी. एस्सी. मिळाली आणि डिसेंबरात ग्रंथ लंडनमध्येच प्रसिद्ध झाला. प्रस्तावना प्राध्यापक कॅनन यांची. गंमत म्हणजे त्यात गुरूने शिष्याशी सगळ्या मुद्द्यांवर आपलं जुळत नसल्याचं मोकळेपणाने लिहिलंय. पुढे १९२५-२६ मध्ये चलनाचा विचार करायला हिल्टन यंग आयोग भारतात आला, तेव्हा बाबासाहेबांनी त्याच्यापुढे साक्ष दिली.

कोलंबियाचं कामही असंच रेंगाळून पुरं झालं. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये छापून आला आणि १९२७ मध्ये पीएच. डी. मिळाली. न्यूयॉर्क सोडल्यानंतर अकरा वर्षांनी. तो ग्रंथ त्यांनी अर्पण केला सयाजीराव महाराजांना. बडोद्यात जे सोसलं, त्यामुळे शिष्यवृत्तीचे उपकार ते विसरले नाहीत.

मग कोकणाकडे

१९२७ नंतरचा इतिहास तुम्हाला माहीत आहे. मी फक्त आपल्या भागाशी जोडलेलं थोडं सांगते. १४ एप्रिल १९२९ रोजी, आपल्या वाढदिवशी, ते चिपळूणला होते, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या परिषदेला. कोकणात तेव्हा खोती होती. खोत गावाचा सारा वसूल करणार आणि कुळाने राबून त्याचं देणं भरत राहायचं. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करायचं विधेयक मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये त्यासाठी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कायदेमंडळावर गेला. कायदा लगेच झाला नाही. खोती संपली ती स्वातंत्र्यानंतर. तुमच्या आजीआजोबांना विचारा, सातबारावर त्यांचं नाव कधी लागलं ते.

आणि पुस्तकं? ती त्यांनी पुन्हा जमवली. १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं ते पुस्तकांची जागा आधी डोळ्यांसमोर ठेवून. राहायला कुटुंब खाली आणि वर ग्रंथालय. रमाबाईंना त्या घरात फार दिवस मिळाले नाहीत. २७ मे १९३५ रोजी त्या गेल्या. पुढे बाबासाहेबांनी १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादला आज मिलिंद म्हणून ओळखलं जाणारं कॉलेज उभं केलं, तेव्हाही लायब्ररीवर त्यांचं बारीक लक्ष असे. पुस्तकं एकदा समुद्रात गमावलेल्या माणसाची ही कॉलेजं.

पाणबुड्यांनी त्यांच्या आयुष्याकडे पुन्हा एकदा नजर टाकली. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले, तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं आणि अटलांटिकपासून हिंदी महासागरापर्यंत पुन्हा बोटी बुडत होत्या. त्याच नोव्हेंबरात मुंबईहून आफ्रिकेला निघालेली 'तिलावा' जपानी पाणबुडीने बुडवली, २८० माणसं गेली. कोकणातले खलाशी पुन्हा त्याच बोटींवर होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचं निधन झालं. आदल्या रात्रीपर्यंत ते बुद्धांवरच्या ग्रंथाचं काम करत होते.

लंडनला १९२१-२२ मध्ये ते ज्या घरात राहिले, ते किंग हेन्रीज रोडवरचं घर आता महाराष्ट्र सरकारने घेऊन स्मारक केलंय. तिथे जाणं आपल्याला लगेच जमणार नाही. पण आंबडवे आणि वणंद तर एसटीने गाठता येतात. एखाद्या रविवारी जाऊन या. आणि परत आल्यावर घरात एक प्रश्न विचारा. आपल्या घरातलं, वाडीतलं कोणी पणजोबा-खापरपणजोबा बोटीवर होतं का? असेल तर बोटीचं नाव, गेल्याचं साल, परत आल्याचं साल, जे आठवेल ते लिहून ठेवा. बाबासाहेब परत जाऊन आपलं काम पुरं करू शकले. जे परत आले नाहीत, त्यांची निदान नावं तरी घरात राहू देत. आणि हो, लिहून झालं की त्याची दुसरी प्रत काढायला विसरू नका.